वजनकाट्यावरचे लंगोट

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली आणि तेव्हा ती एक किलो शंभर ग्रॅमची होती. आकडा आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तोच विचारायचा आणि ऐकून चुकचुकायचा. मला त्या चुकचुकण्याचा इतका संताप यायचा, की मी उलट विचारायला लागले, "आणि तुमचं वजन किती?" माणसं विषय बदलायची. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली मी, मासळी सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या घरातली सून. बोलण्यात हार खायची सवय आम्हाला नाही.

अलिबागला मुलांचा एक खाजगी दवाखाना होता, तिथे तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नवरा तेव्हा बोटीवर होता. खोल समुद्रात फोन लागत नाही, त्यामुळे आपल्याला मुलगी झालीय हे त्याला पाच दिवसांनी कळलं. तोवर दवाखान्यात मी आणि माझी सासू. सासू म्हणजे बाजारात बसली की समोरच्या टोपलीतली मासळी तिच्याकडे बघून मान टाकते, असं तिच्याबद्दल गमतीने म्हणतात. मी तिला आई म्हणते. आमचं दोघींचं पटायचं, कारण दोघी सारख्याच तोंडाळ.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावून कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. तरुण माणूस, चित्र अगदीच वाईट काढायचा. पण त्याने सांगितलेलं मला नीट कळलं. पोटात असताना मूल फुप्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर तिचं काम संपतं आणि ती मिटते. घाईने आलेल्या मुलांची ती पुष्कळदा उघडीच राहते. मग नको तेवढं रक्त फुप्फुसांत शिरतं, मूल धापा टाकतं, हृदय दमून जातं.

"मग मिटवा," मी म्हटलं.

"आधी औषधाने मिटतेय का बघू," डॉक्टर म्हणाले. आणि औषधाचं नाव सांगितलं, ते आपलं पॅरासिटामॉल. तापाला आपण पाण्याबरोबर गिळतो ते. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. ते म्हणाले, "तेच. पण शिरेतून, हिच्या वजनाप्रमाणे मोजून."

ही बातमी घरी पोहोचली आणि नातेवाइकांचा दरबार भरला. फोनवर एकेक जण अक्कल शिकवायला लागला. तापाची गोळी हृदयाला देतात, हा कसला दवाखाना. मुंबईला न्या. अमक्या बाबाकडे न्या. एका चुलत नणंदेने तर सांगितलं की नशिबात असेल ते होईल, एवढ्या लहान जिवाला सुया टोचून हाल का करतेस. तिचा फोन मी मध्येच ठेवला. नशिबात असेल ते होऊ द्यायचं तर मग बोटीवर लाइफ जॅकेटं कशाला ठेवता, असं तिला विचारायचं होतं. ते राहून गेलं, त्याची चुटपुट अजून आहे.

तीन दिवस ते औषध चाललं. चौथ्या दिवशी सोनोग्राफीचं यंत्र तिच्या इवल्याशा छातीवर फिरवलं. नळी अरुंद झाली होती, मिटली नव्हती. श्वास तसाच. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा आणि मी व्हरांड्यातल्या काचेला नाक लावून ते खड्डे मोजत बसायची.

"दुसरं औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "आयबुप्रोफेन. तीन डोस, एकेका दिवसाच्या अंतराने. यानेही झालं नाही, तर मुंबईला नेऊन ऑपरेशन."

"मग आत्ताच नेऊ या का?"

त्यांनी काचेतून तिच्याकडे बघितलं. "ती आता ऑक्सिजनवर कशीबशी टिकून आहे. गाडीत घालून एवढा प्रवास करायचा, तर वाटेत काय होईल ते मी सांगू शकत नाही. औषधाने मिटली तर फार बरं."

एवढं स्पष्ट बोलल्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. म्हणजे सगळं त्या तीन डोसांवर होतं. मी सही केली. कागदावर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं होतं, सगळं इंग्रजीत. बारावीपर्यंत शिकलेली आहे मी, पण जीव टांगणीला लागलेला असताना कोण इंग्रजी वाचत बसतं? त्याच कागदावर, नंतर कळलं, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहिलेली होती.

शेजारच्या पेटीत पोयनाडकडचा एक मुलगा होता. त्याच्या हृदयाची घडणच वेगळी, म्हणून त्याची तीच नळी उघडी ठेवायचं औषध चालू होतं. ती मिटली तर तो जाणार, आणि माझ्या मुलीची उघडी राहिली तर ती. एक आई मिटू दे म्हणून देवाला साकडं घालतेय, दुसरी मिटू नको म्हणून. त्या आईला मी म्हटलं, "देवाला नीट नावगाव सांग हो, नाहीतर अदलाबदल करील." ती बिचारी रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाला मुंबईला हलवलं आणि ती मला परत भेटली नाही.

आता लंगोटांचं सांगते.

आमच्याकडे बाळाची पाचवी पुजल्याशिवाय त्याचं ओलं कापड परक्याच्या हातात देत नाहीत. बाहेर वाळतही घालत नाहीत. घरच्या बाईने धुवायचं, घरातच सुकवायचं. पाचवीला सटवी येते, बाळाच्या कपाळावर लिहून जाते, आणि तिच्या आधी दुसऱ्या कुणाची नजर त्या कापडावर पडली तर लिहिणं बिघडतं, असं मानतात. पूजेला बाळ घरात हवं. माझी मुलगी पेटीत. म्हणून आईने पाचवी पुढे ढकलली होती आणि पाचवी पुढे गेली म्हणून लंगोटांचा नियमही पुढे चालू राहिला. पहिले सहा दिवस मला आत सोडतच नव्हते, सगळं नर्सच करायच्या, तेव्हा आईचा नाइलाज होता. पण ती मनातून धुसफुसत होती. सातव्या दिवसापासून दर तीन तासांनी दूध घेऊन मला आत जायची आणि लंगोट बदलायची परवानगी मिळाली. त्याच दुपारी आईने मला जिन्यात गाठलं.

"आता तू जातंस ना आत? मंग एक बी लंगोट हितं ठेवू नको. माज्या पिशवीत घाल. मी घरी नेन आनि धुवीन."

"आई, नर्स सांगते, ओलं त्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवा."

"नर्सला काय म्हायती? ती काय आपली हाय?"

मी वाद घातला नाही. खोटं कशाला बोलू, माझा या सगळ्यावर विश्वास नव्हता असं मी चारचौघांत म्हणत असले, तरी त्या दिवसांत मनाच्या तळाशी भीती होतीच. ट्रेमध्ये का ठेवायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, धोब्याला द्यायचे असतील. मग आमचे आम्ही धुतले तर कुणाचं काय बिघडलं? मी ओला लंगोट गुंडाळून पदराखालून बाहेर आणायची आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून जिन्यात ठेवायची. नर्स विचारायची, "ओलं केलं का?" मी म्हणायची, "नाही, कोरडीच आहे." आणि संध्याकाळी आई ती पिशवी घेऊन शेअर रिक्षाने रेवदंड्याला जायची.

आठव्या दिवशी दुपारी चारला पहिला डोस गेला. रात्रीचं सगळं नर्सच्या हातात होतं. सकाळी सहापासून पुन्हा मी. सहाला, नऊला, बाराला, तीन लंगोट मी बाहेर काढले. ओले, चांगले ओले. मला तर बरंच वाटत होतं.

दोन वाजता डॉक्टर आले. तक्ता बघितला, मुलीचं पोट हलकेच दाबून बघितलं आणि नर्सशी हळू आवाजात इंग्रजीत बोलले. मग माझ्याकडे वळले. आई नुकतीच डबा घेऊन पोहोचली होती, ती माझ्या बाजूला दारात उभी होती.

"आजचा डोस आपण देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हे औषध मूत्रपिंडांवर ताण आणतं. सकाळपासून आठ तास हिला लघवीच झालेली नाही. अशात पुढचा डोस दिला तर किडनी जाईल. मी मुंबईला फोन करतो. ऑपरेशनचंच बघावं लागेल."

मी तक्त्याकडे बोट दाखवलं. "झालेली नाही म्हणजे? तुम्हाला कसं कळतं?"

"हे औषध चालू झाल्यापासून आम्ही लंगोट वजन करतो," नर्सने सांगितलं. किहीमची बाई होती, सगळ्यांशी मायेने वागायची. "ओल्याच्या वजनातून कोरड्याचं वजा करायचं. म्हणून तर ट्रेमध्ये ठेवायला सांगते."

ते ऐकून मी एक पाऊल पुढे टाकलं, तर आईने माझं मनगट धरलं. मासळीची टोपली उचलून उचलून कणखर झालेला तो हात, हाड मोडेल असं दाबलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही. तिला मी कबूल करायला नको होतं, एवढंच कळलं. कबूल केलं असतं तर दवाखान्यात शोभा झाली असती, आणि तिच्या मते त्याहून वाईट, सटवीच्या कानावर गेलं असतं.

मी मनगट सोडवून घेतलं. सरळ जिन्यात गेले, पिशवी आणली आणि नर्सच्या टेबलावर ठेवली.

"हे घ्या. तीन आहेत. सकाळपासूनचे. वजन करा."

आम्ही कोळणी वाट्यावर विकणाऱ्या, नजरेने वाटा लावतो आणि गिऱ्हाईक घासाघीस करतं. वजनाशी आमचं कधी जमलं नाही. आणि त्या दिवशी ग्रॅमवर चालणाऱ्या काट्यासमोर मी हात जोडायच्या बेतात उभी होते. नर्सने एकेक लंगोट उलगडून ठेवला. कोरडा बारा ग्रॅमचा. तीन मिळून सत्तावन्न भरले. तिने वजाबाकी केली, परत केली, आणि डॉक्टरांकडे बघितलं. "एकवीस, सर. भरपूर आहे."

डॉक्टर आनंदतील असं मला वाटलं होतं. ते भडकले. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? मी औषध बंद केलं होतं! मुंबईला फोन लावणार होतो! तुम्ही लोक या अंधश्रद्धांपायी..."

"तुम्ही लोक म्हणू नका," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो चढू द्यायचा होता. "मी खोटं बोलले, चुकले. पदर पसरून माफी मागते, हवं तर पायाही पडते. पण मला ट्रेमध्ये ठेव एवढंच सांगितलं तुम्ही. का, ते सांगितलं नाही. त्या ओल्या कापडावर माझ्या पोरीचं औषध अवलंबून आहे, हे मला मराठीत एका वाक्यात सांगितलं असतंत, तर सटवीशी मी स्वतः भांडले असते. कागदावर इंग्रजीत लिहून सही घेतलीत, म्हणजे सांगून झालं का?"

नर्स खाली बघत होती. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे पण असतं हे, पाचवीपर्यंत कापड बाहेर न देण्याचं. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "रक्त तपासतो. किडनी ठीक असली तर संध्याकाळी डोस देऊ." आणि जाताना थांबून, "चूक माझीही आहे." मी एवढ्या डॉक्टरांशी बोलले आजवर, हे वाक्य त्यांच्यापैकी एकाच्याच तोंडून ऐकलं.

खरं भांडण पुढे व्हरांड्यात झालं.

"तू माजी लाज काढलंस," आई म्हणाली.

"लाज गेली तर गेली! पोर गेली असती, आई! तुमच्या त्या नियमापायी तिला गाडीत घालून पाठवणार होते. वाटेत मेली असती. पाचवी कुणाची पुजली असतीत मग?"

बोलून गेले आणि वाटलं, आता ही माझ्या कानाखाली आवाज काढणार. आई भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसली.

"तुना काय म्हायती," ती म्हणाली. "माजा पयला पोरगा असाच घायचा जाला व्हता. मुठीयेवढा. पाचवी पुजायची व्हती, त्याच्या आदल्या तिनीसांजेला मी त्याचा लंगोट बाहेर बोंबील सुकवायच्या वलांडीवर इसरले. सकाली उठून बगते तं पोराला धाप लागलेली. अशीच. अशाच बरगड्या आत जायच्या. आठव्या दिशी गेला. मी इसरले म्हनून गेला."

लग्नाला सहा वर्षं झाली होती माझ्या. त्या मुलाबद्दल घरात कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा आपल्याआधी एक भाऊ होता हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ही बाई त्या एका लंगोटाचं ओझं घेऊन बाजारात बसत होती, गिऱ्हाइकांशी भांडत होती, हसत होती. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. राग होताच. पण आता तो तिच्यावर नव्हता.

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. "आई, लंगोट मी उद्यापासून ट्रेमध्येच ठेवणार."

"ठेव," ती म्हणाली. "मी बगनार न्हाय, येवडाच."

पण ती बघायची. रक्ताचा अहवाल चांगला आला, संध्याकाळी दुसरा डोस गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून आई व्हरांड्यातल्या काचेतून नर्सच्या काट्याकडे टक लावून बसायला लागली. मी बाहेर आले की विचारायची, "किती भरला?" मी सांगायची, सात. सहा. आठ भरला त्या दिवशी तिने डब्यातली पापलेटची तुकडी नर्सला नेऊन दिली. नर्स नको नको म्हणत होती, तरी तिने ती खाल्लीच.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तिसरा डोस झाला. दोन दिवसांनी सोनोग्राफीचं यंत्र पुन्हा आलं. तोवर नवरा बंदराला लागला होता, तो अंगाला डिझेलचा वास तसाच घेऊन धावत आला होता. आम्ही तिघं पेटीपाशी उभे. डॉक्टर पडद्यावर बराच वेळ बघत राहिले, यंत्र इकडून तिकडून फिरवलं. मला वाटलं आता मी किंचाळेन. मग ते म्हणाले, "बंद आहे. पूर्ण बंद."

नवरा रडायला लागला. मी रडले नाही. नणंदेला फोन लावला आणि म्हटलं, "नशिबात होतं ते झालं, तापाच्या आणि दुखण्याच्या गोळीने झालं, सगळ्यांना सांगा." त्यात मला जेवढा आनंद झाला तेवढा व्हायला नको होता, पण झाला.

आई मात्र पुढे गेली. डॉक्टर हात धुवत होते, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दवाखान्यात आल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"डाक्टर, एक इचारू? ही जी नली, ती तवा बी उगडी र्‍हायची का पोरांची? चालीस वर्सां आदी?"

"कायमच राहायची, आजी. घाईने झालेल्या मुलांची."

"कापड बाहेर र्‍हायला म्हनून न्हाय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ते तिच्याकडे वळून नीट, सावकाश म्हणाले, "नाही आजी. कापडाचा काही संबंध नाही. कुणाचीही चूक नसते त्यात."

तिने मान हलवली. मग विचारलं, "आनि औषध? औषध व्हता तवा?"

डॉक्टर घुटमळले. नव्हतं असं सांगून त्यांना सुटता आलं असतं, आणि मला वाटतं तिला तेच ऐकायचं होतं. पण ते खोटं बोलले नाहीत. "होतं. हेच नाही, पण याच जातीतलं दुसरं एक होतं. इथे कुणाला माहीत नव्हतं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांत देत असत."

"मुंबयला," आई म्हणाली.

ती तशीच उभी राहिली, ओल्या हातांच्या डॉक्टरांकडे बघत.

"मी तवा दर आठवड्याला मुंबयला जायची. रेवसशी लाँच सुटते, तिनं. सुकटीची टोपली घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरायची. मना कोनी तरी सांगाला पायजे व्हता ना, डाक्टर. सुकट घरी ठेवली असती मी. त्याला टोपलीत घालून नेला असता."